एका हिटचा सामना: पिचरने सामना जिंकला म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न: बेसबॉलमध्ये ९ सप्टेंबर १९६५ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सनी शिकागो कब्सना १-० असं हरवलं. दोन्ही संघांना मिळून सबंध सामन्यात एकच हिट मिळाली, आणि त्या हिटचा त्या एका धावेशी काहीच संबंध नव्हता. तरीही जाणकार या सामन्याला डोक्यावर घेतात. क्रिकेट पाहून वाढलेल्या माणसाने यात बघायचं काय? आणि 'पिचरने सामना जिंकून दिला' असं म्हणतात, तेव्हा त्याने नक्की काय केलेलं असतं?

उत्तर:

मी बरीच वर्षं महाराष्ट्रात शाळा-कॉलेजच्या मुलांना पिचिंग, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणं, शिकवतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आणि पिचरच्या बाजूने थोडं झुकेलही. तेवढं सांभाळून घ्या.

आधी थेट उत्तर देतो. पिचर एकटा सामना जिंकू शकत नाही. धाव दुसऱ्या कुणीतरी काढावीच लागते. पिचर करतो ते असं की समोरच्या संघाला धाव मिळण्याच्या सगळ्या वाटा एकेक करून बंद करतो. त्या सामन्यात डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स याने त्या सगळ्याच बंद केल्या. शिकागोचा पिचर बॉब हेन्डली याने एक सोडून सगळ्या बंद केल्या. त्या एका फटीतून डॉजर्सनी जी धाव काढली ती फटका न मारता काढली. म्हणून हा सामना पिचिंगचा आहेच, पण पिचिंग इतकं कडक झालं की उरलेल्या बारीकसारीक गोष्टींना किती मोल येतं, त्याचाही आहे.

ज्यांना खेळ अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. प्रत्येक संघाला नऊ इनिंग्ज, प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट, म्हणजे एकूण सत्तावीस. बॅटरने हुकवलेला, किंवा स्ट्राइक झोनमध्ये म्हणजे त्याच्यासमोरच्या ठरलेल्या चौकटीत येऊनही सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट. चार बॉल झाले, म्हणजे पिचरने स्ट्राइक झोनच्या बाहेर टाकलेले आणि बॅटरने सोडून दिलेले चार चेंडू झाले, की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात. मारलेल्या चेंडूवर बॅटर सुखरूप बेसवर पोचला तर ती हिट. तिन्ही बेस ओलांडून तो जिथून निघाला त्या होम प्लेटवर, म्हणजे घरी, परतला की एक धाव. बेसवर असलेला धावपटू हिमतीवर पुढचा बेस चोरू शकतो. आणि सत्तावीसपैकी एकही बॅटर कुठल्याही मार्गाने पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही, ना हिट, ना वॉक, ना क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, तर तो परफेक्ट गेम. अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या, म्हणजे मेजर लीगच्या इतिहासात दोन लाखांहून अधिक सामने झाले. २०२३ सालच्या डोमिंगो हर्मानपर्यंत मोजले तर परफेक्ट गेम फक्त २४. कोफॅक्सचा आठवा.

ती एक धाव

पाचव्या इनिंगपर्यंत डॉजर स्टेडियममधल्या २९,१३९ प्रेक्षकांना बेसवर एकही माणूस दिसला नव्हता. कोफॅक्सने कुणाला पोचू दिलं नव्हतं आणि हेन्डलीनेही नाही. दोघेही डावखुरे, दोघांच्याही कोपरांनी आधी त्रास दिलेला. फरक इतकाच की कोफॅक्सला सगळा देश ओळखत होता, आणि हेन्डली त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोकडून शिकागोकडे आला होता आणि मधल्या काळात खालच्या पातळीच्या मायनर लीगमध्येही जाऊन आला होता.

पाचव्या इनिंगची सुरुवात डॉजर्सच्या लू जॉन्सनने केली आणि हेन्डलीच्या हातून चार बॉल गेले. वॉक. जॉन्सन पहिल्या बेसवर. पुढचा बॅटर रॉन फेअर्ली याने बंट केला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळूच समोर टाकला. असं करताना बॅटर बहुतेक वेळा आउट होतो आणि तेही ठरवून, कारण त्या बदल्यात धावपटू एक बेस पुढे सरकतो. जॉन्सन दुसऱ्या बेसवर. एक आउट. आता जॉन्सनने तिसरा बेस चोरायला धाव घेतली. शिकागोचा नवखा कॅचर (यष्टिरक्षकासारखा बॅटरच्या मागे बसणारा) ख्रिस क्रुग याने तिसऱ्या बेसकडे थ्रो केला तो तिथे उभ्या रॉन सांटोच्या डोक्यावरून डावीकडच्या मैदानात गेला. जॉन्सन उठून सरळ घरी आला. १-०.

एक वॉक, एक बंट, एक चोरी, एक भरकटलेला थ्रो. हिट शून्य. हेन्डलीच्या खात्यात ही धाव त्याची म्हणून लागतही नाही, कारण ती क्षेत्ररक्षणातल्या चुकीने गेली.

योगायोग म्हणून याच्याकडे बघू नका. १९६५ चा डॉजर्स संघ असाच खेळत असे. त्या मोसमात त्यांनी सगळे मिळून ७८ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेले फटके, मारले, लीगमध्ये सर्वांत कमी. उलट एकट्या मॉरी विल्सने ९४ बेस चोरले. हातात कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल असे दोन पिचर असतील तर संघाला चार-पाच धावा लागतच नाहीत. एखादी धाव कुठूनतरी उकरून काढली की काम होतं. त्यामुळे बाद झालेला फेअर्ली आणि चोरीचा धोका पत्करणारा जॉन्सन हे दोघेही पिचरच्या भरवशावर खेळत होते. कमी धावांच्या सामन्यात बंट करणं हा भित्रेपणा नसतो. आजकालचे आकडेमोड करणारे लोक बंटला नावं ठेवतात, आणि आठ-सहाच्या सामन्यात ते बरोबरच असतात. पण समोरचा पिचर हिट द्यायलाच तयार नसेल तर गणित बदलतं.

सातव्या इनिंगमध्ये दोन आउट असताना याच जॉन्सनने पहिल्या बेसच्या मागे एक अर्धवट लागलेला, लोंबकळत पडलेला फटका मारला आणि दुसरा बेस गाठला. सामन्यातली एकमेव हिट ती हीच. तिच्यातून काहीच निघालं नाही. दोन्ही संघांकडून बेसवर पोचलेला माणूस सबंध रात्रीत एकच, लू जॉन्सन, आणि तो दोनदा पोचला. हा जॉन्सन मुळात संघात आला तो टॉमी डेव्हिसचा घोटा मोडला म्हणून. त्याआधी कितीतरी वर्षं तो मायनर लीगमध्येच घासत होता.

हेन्डलीबद्दल लोक नेहमी हळहळतात. पूर्ण सामना टाकला, एक हिट, एक वॉक, स्वतःच्या हिशेबी धाव शून्य, आणि तरी हार. पण पाच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, शिकागोच्या रिग्ली फील्डवर हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि हेन्डलीने कोफॅक्सला २-१ असं हरवलं. हे फार कमी जण सांगतात.

कोफॅक्सने नेमकं काय केलं

आता मुख्य भाग. कोफॅक्सकडे कामाचे चेंडू दोनच होते. फास्टबॉल आणि कर्व्हबॉल. चेंज-अप, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेला चेंडू, होता, पण क्वचित. आज मुलं माझ्याकडे येतात ती पहिल्याच आठवड्यात विचारतात, सर, स्लायडर कधी शिकवणार, स्प्लिटर कधी शिकवणार? त्यांना मी या सामन्याची गोष्ट सांगतो.

दोन चेंडूंवर सत्तावीस आउट कसे होतात? त्यासाठी वेळ बघा. पिचरच्या पायाखालच्या रबरी पट्टीपासून होम प्लेटपर्यंत अंतर १८.४४ मीटर. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात ते सतरा मीटरच्या आत येतं. ताशी १५० किलोमीटरच्या पुढचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर पोचतो. त्यातला मोठा हिस्सा चेंडू ओळखण्यात आणि बॅट फिरवण्यात जातो. मारायचं की सोडायचं हे ठरवायला बॅटरकडे डोळ्याची पापणी लवेल एवढाच अवकाश असतो. म्हणजे बॅटर चेंडू शेवटपर्यंत बघून मारतच नाही. पहिल्या काही मीटरवरून अंदाज बांधतो आणि चेंडू कुठे असेल तिथे बॅट नेतो.

त्या अंदाजाला चुकवणं हेच पिचरचं काम.

फास्टबॉल बोटांच्या टोकांवरून सुटताना उलटा फिरतो. या उलट्या फिरकीमुळे हवा त्याला थोडं वर धरते, आणि गुरुत्वाकर्षणाने तो जितका खाली यायला हवा तितका येत नाही. बॅटरच्या मेंदूला सवय असते ठरावीक प्रमाणात खाली येणाऱ्या चेंडूची. त्यामुळे त्याला वाटतं की चेंडू शेवटच्या क्षणी वर उसळला. प्रत्यक्षात तो वर जात नाही, नुसता कमी खाली येतो. कोफॅक्सला सामोरे गेलेले बॅटर आयुष्यभर हेच सांगत राहिले की त्याचा फास्टबॉल वर चढायचा. बॅट खालून गेली की बॅटरला दुसरं काय वाटणार?

कर्व्हबॉलमध्ये फिरकी नेमकी उलट. चेंडू पुढच्या बाजूने खाली फिरतो आणि हवा त्याला खाली ढकलते. कोफॅक्सचा हात अगदी डोक्यावरून यायचा, त्यामुळे त्याचा कर्व्ह आडवा न वळता सरळ वरून खाली कोसळायचा. बॅटरला खांद्याच्या उंचीवर दिसलेला चेंडू गुडघ्याशी येऊन पडायचा. आता हे दोन चेंडू एकत्र ठेवा. दोन्ही एकाच हाताच्या हालचालीतून, एकाच उंचीवरून निघतात. एक वरच राहतो, दुसरा खाली बसतो. वेगातही मोठा फरक. बॅटरने वरच्यासाठी बॅट नेली तर खालचा निसटतो, खालच्याची वाट बघितली तर वरचा केव्हाच पार झालेला असतो.

क्रिकेटवाल्यांनी इथे एक लक्षात घ्यावं. चेंडू टप्पा घेत नाही. खेळपट्टी, दव, भेगा, जुना-नवा चेंडू यातलं काहीही मदतीला नाही. जे काही करायचं ते हवेत, त्या ०.४ सेकंदात.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट अशी की कोफॅक्स कोणता चेंडू टाकणार हे समोरच्या संघांना बरेचदा आधीच कळायचं. चेंडू टाकायच्या आधी त्याचे हात आणि कोपर फास्टबॉलसाठी एका जागी असायचे, कर्व्हसाठी दुसऱ्या. पकड नीट बसवताना ही खूण बाहेर पडायची आणि लीगभर ती माहीत होती. कळूनही मारता यायचं नाही. माझ्या दृष्टीने 'वर्चस्व' या गोष्टीची याहून चांगली खूण नाही. फसवून आउट करणारे पिचर पुष्कळ असतात. काय येणार ते माहीत असूनही बॅटर आउट होतो, तेव्हा पिचर वेगळ्या पायरीवर असतो.

हा माणूस आधी असा नव्हता

मुलांच्या आईवडिलांना मी आवर्जून सांगतो तो भाग हा. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला कोफॅक्स १९५४ साली मोठी रक्कम घेऊन डॉजर्सकडे आला. त्या वेळच्या नियमाने अशा मुलाला मायनर लीगमध्ये पाठवता येत नसे. त्यामुळे जिथे शिकायला हवं होतं ते वय बाकावर बसून गेलं. हातात प्रचंड वेग, पण चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही. पहिल्या सहा मोसमांत जिंकलेले सामने ३६, हरलेले ४०. १९६० नंतर त्याने खेळ सोडायचाही विचार केला होता.

१९६१ च्या मोसमाआधी फ्लोरिडात एका सरावाच्या सामन्यात कॅचर नॉर्म शेरीने त्याला सांगितलं: एवढा जोर लावू नकोस, जरा सैल सोड, कर्व्ह आणि चेंज-अपही वापर. कोफॅक्सने ऐकलं. आणि जोर कमी लावल्यावर चेंडू हळू गेला नाही. अंग आवळलं नाही, म्हणून हात मोकळा फिरला. त्या मोसमात त्याने २६९ बॅटर स्ट्राइकवर बाद केले, तेव्हाचा नॅशनल लीगचा विक्रम. १९६२ ते १९६६ या पाच वर्षांत १११ विजय, ३४ पराभव.

आपल्याकडची मुलं क्रिकेटमधून येतात तेव्हा हात मजबूत असतो, खांदा मजबूत असतो, आणि पहिल्या दिवसापासून सगळा दम लावून टाकतात. दहापैकी चार चेंडू जाळीच्या बाहेर. त्यांना सैल सोडायला सांगितलं की वाटतं सर वेग कमी करायला सांगताहेत. हे पटवण्यात महिने जातात. माझ्या मते पिचिंग कोचचं अर्धं काम एवढंच असतं.

शेवटच्या तीन इनिंग्ज

सातव्या इनिंगमध्ये बिली विल्यम्स बॅटिंगला होता. विल्यम्स, सांटो आणि अर्नी बँक्स, शिकागोचे हे तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले, म्हणजे समोरची मधली फळी काही लेचीपेची नव्हती. विल्यम्सला कोफॅक्सने ओळीने तीन बॉल टाकले. आणखी एक बॉल आणि परफेक्ट गेम संपला. इथे पिचरची परीक्षा होते. स्ट्राइक टाकणं भाग आहे, बॅटरला ते माहीत आहे, आणि बॅटर साधासुधा नाही. कोफॅक्सने कोपरे शोधत बसणं सोडलं आणि फास्टबॉलवर दोन स्ट्राइक वसूल केल्या. मग विल्यम्स हवेत मारून झेलबाद झाला. स्कोअरकार्डावर ही नुसती एक फ्लाय-आउट. माझ्यासाठी सामन्यातला सगळ्यात अवघड आउट हाच.

आठव्या इनिंगमध्ये सांटो, बँक्स आणि बायरन ब्राउन, तिघेही स्ट्राइकवर गेले. ब्राउनचा मेजर लीगमधला तो पहिलाच सामना. शिकागोकडून सुरुवात करणारा डॉन यंग याचाही पहिलाच. असं पदार्पण शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

नवव्या इनिंगमध्ये पहिला बॅटर ख्रिस क्रुग. हो, तोच, ज्याच्या थ्रोवर एकमेव धाव गेली होती. स्ट्राइकवर आउट. मग डॉन केसिंजरच्या जागी जो अमाल्फिटानो. तोही स्ट्राइकवर. शेवटी हेन्डलीच्या जागी हार्वी क्यून आला. हा अनुभवी माणूस. १९६३ मध्ये कोफॅक्सने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध एकही हिट न देता सामना टाकला होता, तेव्हाही शेवटचा आउट क्यूनच होता.

या इनिंगचं विन स्कली यांचं रेडिओ समालोचन ध्वनिमुद्रित आहे आणि सहज ऐकायला मिळतं. इंग्रजी समजत असेल तर जरूर ऐका, चित्राशिवाय सगळं दिसतं. क्यूनला पहिला चेंडू स्ट्राइक. दुसरा इतका उंच गेला की जोर लावताना कोफॅक्सची टोपीच पडली. स्कली तिथेच टिप्पणी करतात की आता कोफॅक्स पिचिंग सोडून नुसता फेकतोय असं त्या रात्रीत दुसऱ्यांदाच वाटलं. काय नजर आहे बघा. समालोचकाने एका चेंडूत ओळखलं की शेरीने चार वर्षांपूर्वी मोडलेली सवय दडपणाखाली पुन्हा डोकं वर काढतेय. पुढचाही चेंडू उंच. दोन बॉल, एक स्ट्राइक. कोफॅक्स मागे सरला, कपाळ पुसलं, थांबला. मग क्यूनने हुकवलेला एक फटका. आणि आणखी एक. रात्रीचे ९:४६.

शेवटचे सहाच्या सहा बॅटर स्ट्राइकवर. एकूण १४. परफेक्ट गेममध्ये इतके स्ट्राइकआउट पुढे फक्त मॅट केनने केले, २०१२ मध्ये. कोफॅक्सला लागलेले चेंडू ११३. सगळा सामना एक तास त्रेचाळीस मिनिटांत उरकला.

दमायच्या वेळी पिचर अधिक जोरकस होतो हे बघायला विरळ. बॅटर पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जातो तेव्हा बहुतेक वेळा फायदा बॅटरचा असतो, कारण त्याने चेंडू पाहिलेले असतात. इथे तिसऱ्या फेरीतच बॅटर पार हतबल झाले.

कॅचरचं नाव मात्र सगळे विसरतात. जेफ टॉरबर्ग, डॉजर्सचा दुसऱ्या क्रमांकाचा कॅचर. पुढे १९७३ मध्ये पिचर नोलन रायनच्या पहिल्या नो-हिटरमध्येही, म्हणजे एकही हिट न दिलेल्या सामन्यातही, कॅचर टॉरबर्गच होता. चांगले कॅचर असे योगायोगाने जागेवर सापडत नाहीत.

थोडं पाणीही घालायला हवं

नुसतं कौतुक करून थांबलो तर उत्तर अर्धवट राहील. तो काळ पिचरांचा होता. पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा, माउंड, तेव्हा १५ इंच उंच होता. १९६३ पासून स्ट्राइक झोनही मोठा केलेला, खांद्याच्या वरच्या कडेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत. वरून खाली येणाऱ्या कर्व्हला आणि उंच फास्टबॉलला याहून सोयीचं काय? १९६८ मध्ये बॉब गिब्सनने तर नऊ इनिंग्जमागे सरासरी १.१२ धावा एवढंच दिलं, आणि तेव्हा मंडळाचे डोळे उघडले. १९६९ पासून माउंड १० इंचांवर आणला आणि झोन लहान केला. डॉजर स्टेडियम स्वतःही पिचरांना पोषक मैदान. कोफॅक्सची तिथली सरासरी १.३७ आहे, आणि त्यात मैदानाचा वाटा नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. शिवाय त्या मोसमात शिकागोचा संघ दहा संघांत आठवा आला होता.

आणि सत्तावीसपैकी तेरा आउट क्षेत्ररक्षकांनी केलेले आहेत. त्यातला एक चेंडू हातभर इकडेतिकडे पडला असता तर हा सामना आज कुणी विचारला नसता.

याची दुसरी बाजू बघायची असेल तर २६ मे १९५९ चा मिल्वॉकीतला सामना वाचा. पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सने बारा इनिंग्ज परफेक्ट टाकल्या. नऊ नव्हे, बारा. छत्तीस बॅटर, छत्तीस आउट. पण त्याच्या संघाला धावच निघेना. समोरच्या लू बर्डेटला बारा हिट बसल्या, तरी धाव शून्य. तेराव्या इनिंगमध्ये क्षेत्ररक्षणात एक चूक, मग एक बंट, मग हँक ॲरनला मुद्दाम दिलेला वॉक, आणि जो ॲडकॉकचा फटका. हॅडिक्स ०-१ हरला. त्या रात्री हॅडिक्स कोफॅक्सपेक्षा कुठे कमी पडला? मला तरी सांगता येत नाही. कोफॅक्सला जॉन्सन, फेअर्ली आणि क्रुगचा थ्रो मिळाला, हॅडिक्सला मिळाला नाही.

कोपर

या सगळ्याची किंमत काय पडली तेही सांगतो, कारण माझ्या धंद्यात ते लपवणं पाप आहे. १९६४ मध्ये बेसकडे झेप घेताना कोफॅक्सच्या डाव्या हाताला मार बसला, आणि पुढे डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांनी कोपरात संधिवात असल्याचं निदान केलं. १९६५ चा अख्खा मोसम तो सामन्याआधी अंगाची आग करणारं मलम चोळून, सामन्यानंतर कोपर बर्फाच्या पाण्यात बुडवून, गोळ्या आणि कॉर्टिसोनच्या इंजेक्शनांवर खेळला. डावा हात पूर्ण सरळ होत नसे. तशा हाताने त्याने ३३५ हून अधिक इनिंग्ज टाकल्या, २७ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने संपवले, ३८२ स्ट्राइकआउट घेतले. १४ ऑक्टोबरला मिनेसोटात वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर टाकला. त्या दिवशी कर्व्ह बसत नव्हता, म्हणून जवळजवळ निव्वळ फास्टबॉलवर २-० असा जिंकला, तीन हिट देऊन. त्यातला होमरन, बरं का, लू जॉन्सनचा.

पुढच्या वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवृत्ती.

हे वाचून कुणी शाळकरी पिचर दुखऱ्या हाताने उतरणार असेल तर कृपा करून उतरू नका. कोफॅक्सने ते केलं कारण तेव्हा दुसरा इलाज नव्हता. कोपराची अस्थिबंधन-शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली ती १९७४ मध्ये, टॉमी जॉनवर, तीही डॉजर्सचाच पिचर.

आज असं बघायला मिळेल का?

पिचिंगचं वर्चस्व मिळेल. एका माणसाचं, नऊ इनिंग्जचं, क्वचित. १३ एप्रिल २०२२ रोजी डॉजर्सच्याच डावखुऱ्या क्लेटन कर्शॉने मिनेसोटात सात इनिंग्ज परफेक्ट टाकल्या, ८० चेंडूंत, आणि संघाने त्याला बाहेर काढलं. दुखापतीनंतर मोसमातला पहिलाच सामना, थंडी, हाताची काळजी. लोक चिडले. मी चिडलो नाही. कर्शॉही नाही. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात ह्यूस्टनने फिलाडेल्फियाला एकही हिट दिली नाही, पण ते काम चौघांनी मिळून केलं. क्रिस्तियान हाविएरने सहा इनिंग्जमध्ये ९७ चेंडू टाकले आणि उरलेलं तिघांनी संपवलं. निकाल ५-० असला तरी हाविएरचा उंच फास्टबॉल बघा. वेग फार डोळ्यांत भरणारा नाही, पण बॅट सारखी खालून जाते. कोफॅक्सबद्दल वर जे लिहिलंय तेच, फक्त आता ते मोजणारी यंत्रं आहेत.

बघायला बसाल तेव्हा चेंडूमागे डोळे पळवू नका. कॅचरचा ग्लोव्ह बघा. कॅचरने जिथे धरला होता तिथेच चेंडू येतोय की ग्लोव्ह दरवेळी हलवावा लागतोय, ते दोन-तीन बॅटरमध्ये कळतं. मग पहिला चेंडू स्ट्राइक पडतोय का ते मोजा. आणि तिसऱ्या फेरीत तेच बॅटर पुन्हा आले की त्यांचे पाय बघा. पिचर खरोखर वरचढ असेल तर बॅटर पुढचा पाय लवकर टाकायला लागतात, कारण उशीर होण्याची भीती बसलेली असते. त्यानंतर एक कर्व्ह पुरतो.